काज

एसिहाला आसपासची गावं तवा म्हणतात.
म्हणोत.
तव्यावर राहायचं
तर भाकरीसारखं वेळेवर उलटता आलं पाहिजे:
नऊला पूर्वेच्या खिडक्या मिटायच्या,
बाराला दक्षिणेच्या,
पश्चिमेच्या, जेवणाची ताटं उचलायच्या आत.
फरशीवर पाणी मारायचं. मग अंधारात गप्प पडायचं,
सावकार दाराशी आलाय
आणि आपण घरात नाही, अशा बेतानं.

मी कासिल्दा. खिडक्यांची कापडं शिवते.
इथे त्याला तोल्दो म्हणतात:
सज्जाच्या कठड्यावरून बाहेर झुकलेलं जाड कापड,
घरानं कपाळावर आडवा धरलेला हात.
गिऱ्हाइकांना हे सांगत नाही.
त्यांना मीटरचा भाव सांगते.

जुलैत ओर्तेन्सिओचा निरोप आला.
तिसरा मजला, नैर्ऋत्येची खिडकी, जिना अरुंद.
औषधाच्या दुकानावरचा आकडा चव्वेचाळीस म्हणत होता,
आणि तो दुपारी बाराचा होता.

कापड बावीस उन्हाळ्यांचं.
दांड्याभोवती गुंडाळलेली वीतभर पट्टी
अजून बाटलीसारखी हिरवी,
बाकीचं ताकात बुडवून काढल्यासारखं.
चिमटीत धरलं तर पीठ.
‘नवंच लागेल,’ मी म्हटलं.
‘लागेल,’ तो म्हणाला. ‘पण मग भोकाचं काय?’

मला वाटलं, ऊन लागलंय त्याला.

मग त्यानं दाखवलं.
ओब्दुलिया सज्जात उभी राहून सिगरेट ओढायची.
एकदा वारा फिरला, ठिणगी कापडाला चिकटली.
उद्या ठिगळ लावू, म्हणाली.
तो उद्या अकरा वर्षं पुढे ढकलला गेला
आणि नंतर ढकलणारीच राहिली नाही.

भोक वेडंवाकडं, कडा करपलेल्या.
खाली फरशीवर पडायचा तो कवडसा मात्र
गोल, नाण्याएवढा, अगदी सभ्य.
सव्वातीनला टेबलाच्या पायाशी.
चारला लिंबांच्या टोपलीवर.
पावणेपाचला तिच्या खुर्चीपुढे, डाव्या सपातेवर.
सपातेवर आला की ती डोळे न उघडता म्हणायची,
‘चला, कॉफी.’
घरात भिंतीवरचं घड्याळ आहे.
ते त्यानं कधीच दुरुस्त करून आणलं नाही.

बत्तीस वर्षं मी भोकं बुजवत आले.
भोक पाडायचे पैसे किती घ्यायचे, मला कळेना.

डावीकडून एक वीत, चार बोटं.
वरून हातभर आणि वर एक टीच.
जुनं कापड पोटात सैल पडलेलं, नवं ताठ बसणार,
म्हणून दोन बोटं खाली धरलं.
दाभण गॅसवर लाल केला, टोचला.
पण नुसतं भोक वाऱ्यात फाटत जातं.
तेव्हा मेणाचा दोरा घेऊन
कडेनं काज घातलं,
लग्नाच्या कोटाला घालतात तसं, दाट.
बटण वरून येईल. रोज. आपल्या वेळेला.

चढवलं त्या दिवशी दोघं बसून राहिलो.
खोलीत पाण्याचा वास, बाहेर गल्ली भाजत होती.
नाणं उतरलं, टेबल ओलांडलं,
लिंबं ओलांडली
आणि पावणेपाचला
सपातेच्या बोटभर अलीकडे थांबलं.
माझा चेहरा पडला असावा.
ओर्तेन्सिओ उठला,
वाकायला त्याला वेळ लागतो,
आणि खुर्ची बोटभर सरकवली.
‘कॉफी?’ म्हणाला. मला विचारलं की तिला,
मी खोलात गेले नाही. हो म्हटलं.

जुनं कापड मी चिंध्यांसाठी उचललं होतं.
माझी पश्चिमेची खिडकी तीन वर्षं उघडीच आहे;
दुसऱ्यांना सावली विकणारीचं घर, ते असंच असतं.
रात्री चार खिळे ठोकून तेच लावलं.
किती दिवस टिकेल, देव जाणे.

आज साडेपाचला बिलांच्या गठ्ठ्यावर
ते नाणं येऊन बसलं.
मग खाली उतरलं. फरशीवरून सावकाश आत निघालं,
अनोळखी घरात चाललेल्या माणसासारखं.
कुणाकडे जायचंय त्याला, कोण जाणे.
मी पाय वर घेतले,
वाट दिली.